आठशे मिली

नारळपाणी मीच आणत होते. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही, म्हणून तिथूनच सुरू करते.

मे २०२२. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती थकलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, तेव्हा २.८ होतं, म्हणजे किडनीच्या आजाराचा चौथा टप्पा. डायलिसिस अजून लांब होतं आणि ते लांबच राहावं म्हणून मी पदर खोचला होता. बाहेरचं सगळं बंद केलं आणि जे जे 'चांगलं' ते पाजायला लागले. सकाळी स्टँडजवळच्या गाडीवरून दोन नारळ. अकरा वाजता मोसंबीचा रस. दुपारी ऊन लागू नये म्हणून ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात. रात्री टमाटे, गाजर, पालक उकडून त्याचं गाळलेलं सूप. साखर वाईट असं ऐकलेलं, म्हणून चहा दोन्ही वेळचा गुळाचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाहून आल्या होत्या. त्या पंख्याखाली बसून सांगायच्या, "नारयाचं पानी पाज त्याले, आतलं सारं धुऊन निंघते." मलाही ते पटत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी हे पलंगावरून उठेनात. दुखत काही नव्हतं, पायांत जीवच नव्हता. "अगं, पाय माझे वाटतच नाहीत," म्हणाले. भाच्यानं गाडी काढली. दवाखान्यात ईसीजी झाला आणि पट्टी हातात घेऊन सिस्टर जवळजवळ पळतच आत गेल्या, तेव्हा मला कळलं की हे साधं नाही. पोटॅशियम ६.७ आलं. ते साधारण ३.५ ते ५ च्या आत असावं लागतं. फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, अगदी थांबूही शकतात. हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. यांना मधुमेह नाही, मग इन्सुलिन कशाला, असं मी घाबरून विचारलं. रक्तातलं पोटॅशियम त्यानं पेशींच्या आत ढकललं जातं म्हणाले. मग एक पावडर पाण्यात कालवून प्यायला दिली, ती आतड्यातून पोटॅशियम बाहेर नेते.

थोडं स्थिरस्थावर झाल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरांनी वही काढली. "काकू, आठवडाभरात यांनी काय काय प्यायलं ते सांगा."

मी सांगायला लागले. नारळपाणी आणि मोसंबी सांगताना आवाजात जरा अभिमानच होता. ओआरएसपर्यंत तो उतरला. सुपाला मी जवळजवळ पुटपुटत होते, कारण समोर त्यांचं पेन थांबलं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सगळ्या बाजूंनी पोटॅशियमच गेलंय." शिवाय बीपीची जी गोळी किडनी जपायला म्हणून देतात, तिनंही पोटॅशियम थोडं चढतं. त्यात माझी ही भर.

घरी आल्यावर एकेकाचा हिशेब कळत गेला. नारळपाण्यात १०० मिलीला साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम. दोन नारळांत अर्धा लिटर पाणी निघालं तर बाराशेच्या वर झालं. निरोगी माणसाची किडनी ते लघवीतून टाकून मोकळी होते, यांची टाकत नव्हती. ओआरएस तर हगवणीसाठी बनवलेलं. जुलाबात शरीरातून सोडियम आणि पोटॅशियम वाहून जातं, ते भरून काढायला ते दोन्ही त्यात घातलेले असतात. लिटरभर ओआरएसमध्ये चार ग्रॅम मिठाइतकं सोडियम जातं, आणि यांना दिवसभराचं मीठच पाच ग्रॅमच्या आत सांगितलेलं. जुलाब तर एकही नव्हता. सुपाची गोष्ट सगळ्यांत लाजिरवाणी. किडनीच्या पेशंटसाठी भाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देतात, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. मी भाज्या बाजूला काढून तेच पाणी पाजत होते. आणि गूळ! उसाचा रस आटवून गूळ होतो, त्यामुळे त्यातलं पोटॅशियम गुळातच राहतं. साखर साफ करताना ते निघून जातं. ज्याला मधुमेह नाही अशा किडनीच्या माणसाला गुळापेक्षा साधी पांढरी साखर बरी, हे वाक्य पचायला मला महिना लागला. आपल्याकडे चौकाचौकांत गुळाच्या चहाची दुकानं झालीत, आणि मी पिशवीभर साखर घेऊन घरी येते तेव्हा शेजारच्या वहिनी माझ्याकडे दयेनं बघतात.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत यादी दिली नाही. आधी विचारलं, "तुमच्या घरी पाणी कशानं पितात?" मी म्हटलं, ग्लासानं. "किती मिलीचा?" आता हे कुणाला माहीत असतं? घरी येऊन खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घेतलं आणि भांडी मोजायला बसले. आमचा स्टीलचा ग्लास ३०० मिलीचा निघाला, फुलपात्र १८० चं, चहाचा कप ११० चा आणि यांचा लाडका मग तब्बल ३५०. 'एक कप दूध' आणि 'यांचा एक कप दूध' यांत तिपटीचा फरक होता. त्या दिवशी तो मग माळ्यावर गेला.

त्यानंतरची दीड वर्षं म्हणजे प्रयोगशाळा होती. हे विज्ञानाचे मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी वही घातली आणि दर महिन्याच्या रिपोर्टशेजारी काय प्यायलो ते लिहायला लागले. फळांचे रस एकसारखे नसतात, हे त्या वहीनं शिकवलं. संत्र्याच्या रसात १०० मिलीला सुमारे २०० मिलिग्रॅम पोटॅशियम, सफरचंदाच्या रसात त्याच्या निम्मं. माझं माहेर वरुडचं, भावाची संत्र्याची बाग. आंबिया बहाराची पेटी आली की मी ती शेजारी वाटते. यांना तीन फोडी देते आणि चौथी मागितली की मागच्या महिन्याचं पान उघडते.

लिंबू मात्र कामाला आलं. ग्लासभर सरबताला अर्धं लिंबू पुरतं, त्यातून पोटॅशियम जातं अगदी थोडं. अट एकच, मीठ नाही. आणि सरबतात मीठ नाही म्हटल्यावर आमच्याकडे लोक असं बघतात की जणू लग्नात नवरदेवच नाही. जिरेपूड आणि साखरेवर भागवलं. पन्ह्यासाठी कैरीचा गर चमचाभरच, गुळाऐवजी साखर आणि वेलची. ताक पातळ, बिनमिठाचं, छोटी वाटी. गाडीवरचा मसाला सोडा कायमचा बंद, त्यात काळं मीठ किती पडतं ते एकदा उभं राहून पाहिलं होतं. दुकानात 'कमी सोडियमचं मीठ' दिसलं तेव्हा वाटलं, आता सुटलो. बाईंनी फोनवर जवळजवळ ओरडूनच थांबवलं. त्यात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

दुधाचा चहा पूर्ण बंद करावा लागला नाही. दुधात पोटॅशियम असतं आणि फॉस्फरसही. किडनी थकली की फॉस्फरस रक्तात साचतो, मग अंगाला खाज, हाडं ठिसूळ. पण ऐंशी मिलीच्या दोन चहांत दूध असतंच किती. बाईंचा खरा राग बाटलीतल्या काळ्या कोल्यावर होता. त्याला आंबटपणा येतो तो फॉस्फोरिक आम्लानं. दूध-डाळीतला फॉस्फरस शरीर अर्धामुर्धाच घेतं, वरून घातलेला हा मात्र जवळजवळ सगळा रक्तात उतरतो. लेबलवर तो आयएनएस ३३८ या आकड्याखाली लपलेला असतो; खाण्यापिण्यात वरून घातलेल्या पदार्थांना असे ठरलेले क्रमांक असतात. ३३९, ३४०, ३४१ आणि ४५० ते ४५२ ही त्याचीच भावंडं, सगळे फॉस्फेट. मी चष्मा पुसून वाण्याच्या दुकानात बाटल्या उलट्या करकरून वाचायचे. वाणी म्हणाला, "ताई, एक्स्पायरी बघताय का?" म्हटलं, नाही रे, तीनशे अडतीस बघतेय. लिंबाच्या चवीच्या पांढऱ्या सोड्यात बहुतेक ३३० असतं, ते सायट्रिक आम्ल. सणासुदीला तेवढं दोन घोट चालतं.

काढ्यांबद्दल दोन शब्द बोलते आणि पुढे जाते, कारण त्यावरून आमच्या घरात पुरेसं महाभारत झालंय. यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं आहे, आणि किडनीचे पेशंट जवळजवळ गल्लीगल्लीत. यांचा आजार पाण्यानं की कित्येक वर्षं गोळी चुकवलेल्या बीपीनं, हे डॉक्टरांनी कधी छातीठोक सांगितलं नाही. पण एवढे पेशंट असल्यावर काढेवाले आलेच. कुणी वनस्पतीचं 'किडनी साफ' पाणी घेऊन आलं, कुणी कडू दुधीचा रस सांगितला. दुधी कडू लागला तर तो थुंकायचा, निरोगी माणसानंही प्यायचा नसतो. बाईंनी एक फळ मात्र कागदावर लाल शाईनं लिहून दिलं होतं: करंबळ, म्हणजे कमरख, ते चांदणीसारख्या कापांचं. त्याचा रस किडनीच्या पेशंटनं एक पेलाही घ्यायचा नाही. त्यातलं विष किडनी टाकू शकत नाही, ते मेंदूत जातं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, आणि माणूस जाऊही शकतो. आमच्याकडे ते फारसं मिळत नाही, पण कोकणातली व्याहीमंडळी येणार असली की मी आधी फोन करते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये डायलिसिस सुरू झालं आणि सगळी वही उलटी झाली.

तोवर पाण्याला बंदी नव्हती. तहान लागेल तेवढं प्या, दीड-दोन लिटर जाऊ दे, उन्हात कोरडे पडू नका, असंच सांगत होते. आता लघवी दिवसाला जेमतेम ३०० मिली. डॉक्टरांनी गणित घातलं: आदल्या दिवशी जेवढी लघवी, तेवढं अधिक पाचशे. म्हणजे आठशे मिली, चोवीस तासांत. पाणी, चहा, वरण, कढी, गोळ्यांसोबतचा घोट, बर्फ, कुल्फी, सगळं धरून. बाहेर ठेवल्यावर जे पातळ होईल ते सगळं पाणीच. टरबूज तर पाण्याचंच फळ, तेही त्यातच.

हे हसले होते. "आठशे मिली तर मी वर्गात दोन तासांत प्यायचो."

पहिला धडा फेब्रुवारीतल्या लग्नानं दिला. यांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यांत लांब, आणि लग्न नेमकं रविवारी. मी बायकांत, हे पुरुषांत. सोमवारी सकाळी वजनकाट्यावर ६१.८. यांचं कोरडं वजन ५८, म्हणजे अंगात साठलेलं पाणी काढल्यावरचं. दोन डायलिसिसमध्ये दोन-अडीच किलोच्या आत वाढावं असं सांगितलेलं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आदल्या रात्री आडवं झोपवत नव्हतं त्यांना, उशांना टेकून बसले होते. मशीनवर टेक्निशियननं विचारलं, "सर, आज किती काढायचं?" आणि स्वतःच आकडा पाहून गप्प झाला. तिसऱ्या तासाला बीपी घसरलं, पोटऱ्यांत असे गोळे आले की हे मास्तर माणूस, शाळेत कधी आवाज न चढवलेला, ओरडला. सगळं पाणी एका दिवसात निघालंच नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं.

घरी आल्यावर मी तावातावानं विचारलं, किती प्यायलात? त्यांनी खरंच जास्त प्यायलं नव्हतं असं त्यांचं म्हणणं. मग जेवणाचा हिशेब काढला: पापड, लोणचं, मठ्ठा, मिरचीचा ठेचा, भजी. बाईंनी फोडून सांगितलं, "तुम्ही पाण्याशी भांडताय. मिठाशी भांडा." आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागतं आणि धरून ठेवतं. तहान ही मनाची कमजोरी नसते, रक्तातल्या मिठाची हाक असते. लग्नात प्यायलेलं पाणी यांना आठवत नव्हतं, कारण तेव्हा ते तहान भागवत होते. तहानलेल्या माणसाला घोट कुठे मोजता येतात.

मग मीठ खरोखर उतरवलं. पहिले पंधरा दिवस घरात रुसवेफुगवे. नंतर जिभेला सवय झाली आणि तहानही खरंच खाली आली. हे मी कुणी सांगितलं म्हणून नाही, काट्यावर बघितलं म्हणून सांगते. वाढ दोनच्या आसपास आली.

बाटलीची युक्ती डायलिसिसच्या वॉर्डातल्याच एका आजोबांची. सकाळी एका बाटलीत आठशे मिली पाणी भरायचं. ती प्यायची नाही, ती तिजोरी. ऐंशीचा चहा घेतला की तिच्यातून ऐंशी मिली तुळशीला ओतायचं. वरणाची वाटी, तेवढं ओतायचं. संध्याकाळी बाटलीत जे दिसतं तेवढंच शिल्लक. वहीत आकडे लिहिण्यापेक्षा हे डोळ्यांना पटतं. गोळ्या आम्ही डॉक्टरांना विचारून जेवणातच घेतो, भाताच्या घासाबरोबर. अकरा गोळ्यांचं पाणी वाचलं, म्हणजे संध्याकाळचा एक चहा मिळाला. लिंबूपाण्याचे छोटे बर्फाचे खडे करून ठेवते, एकेक पंधरा मिलीचा. एक खडा तोंडात ठेवला की दहा मिनिटं जातात, तोच घोट असता तर दोन सेकंदांत संपला असता. गार पाण्यानं चूळ भरून थुंकायची, त्याला मोजमाप नाही. एप्रिल २०२४ आम्ही असा काढला.

याच वॉर्डात माझी यादीवरची उरलीसुरली श्रद्धा गेली. यांच्यासारखेच म्हणावेत असे कितीतरी जण, पण प्रत्येकाचा पेला वेगळा. बाजूच्या खाटेवरच्या काकांना मधुमेह. साखर एकदम उतरली तर लोक घाईत संत्र्याचा रस पाजतात, त्यांच्या खिशात मात्र साखरेची पुडी, अर्ध्या कप पाण्यात तीन चमचे. एक मुलगी घरीच पोटाचं डायलिसिस करते, म्हणजे मशीनऐवजी पोटात नळीनं द्रव सोडून काढायचा; ती ओपीडीत भेटायची. तिचं पोटॅशियम उलट खाली जातं, आणि तिला तिच्या डॉक्टरांनी नारळपाणी सांगितलेलं! मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या चुलत दिराला मुतखडा, त्याला दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. तो आमच्याकडे येऊन यांना सांगतो, "दादा, पाणी पी भरपूर, माझी किडनी पाण्यानंच वाचली." चूक त्याचीही नाही. त्याची किडनी आणि दादाची किडनी हे एकच प्रकरण नाही, एवढंच. आता कुणी फोन करून विचारतं, किडनीला काय पाजू? तर मी आधी विचारते, पोटॅशियम किती, लघवी किती, डायलिसिस आहे की नाही. बऱ्याच जणांना वाटतं, वहिनी भाव खाते.

पाहुणे हा अजूनही न सुटलेला भाग. आपल्याकडे माणूस आला की पाणी, बसला की चहा, उठला की सरबत. आणि आपण कुणाकडे गेलो तरी तेच. नको म्हटलं की अपमान. हे कुणाकडे गेले की तीन घरांत तीन चहा होतात, म्हणजे अडीचशे मिली गेले. मी एक तोडगा काढला: माझ्या रुखवतातले काचेचे छोटे पेले, साठ मिलीचे, इतकी वर्षं कपाटात धूळ खात होते. घरी कुणी आलं की सगळ्यांनाच त्यात सरबत देते. पाहुण्यांना वाटतं काहीतरी खास आहे. यांना एकट्याला लहान पेला दिला की ते आजारी दिसतात, सगळ्यांना दिला की ती पद्धत होते.

मागच्या उन्हाळ्यात यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, गावाकडचा, हातात चार नारळांचं पोतडं. मी स्वयंपाकघरात होते. यांनी काही म्हणायच्या आत पंख्याखालून आत्याबाईंचा आवाज आला, "काहून आनलं रे बाप्पा? तिकडे ठेव, पोट्ट्याईले देजो. याले नाही जमत ते." मग जरा थांबून, अगदी डॉक्टरांच्या थाटात, "याचं पोट्याशम वाढते."

विद्यार्थी ओशाळला. मी बाहेर येऊन त्याच्यासाठी एक नारळ फोडला, आत्याबाईंना अर्धा पेला दिला. हे खिडकीत ठेवलेल्या बाटलीकडे बघत होते. तिच्यात तेव्हा १९० मिली होतं आणि पाच वाजले होते. मी लिंबाचा एक खडा वाटीत घालून त्यांच्या हातात दिला, आणि बाटलीतून पंधरा मिली तुळशीला.